वॉर्डात हात स्वच्छ करणं वाढवायचं कसं? नर्सेस, डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांनी लिहा

शिफ्टवाली
नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स होते, बहुतेक काळ मेडिकल आयसीयूत. आता माझ्याकडे इन्फेक्शन कंट्रोल नर्सचं काम आलं आहे आणि पहिलंच मोठं काम म्हणजे हातांच्या स्वच्छतेचं ऑडिट. जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी: रुग्णाला हात लावण्याआधी, सलाईन किंवा कॅथेटरसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना (कॉटचा कठडा, मॉनिटर, लॉकर) हात लावल्यावर.

आमच्या ऑडिटमध्ये 'नंतर'चे रकाने बरे भरले. 'आधी'चे दोन रकाने मात्र बघवत नव्हते. आता व्यवस्थापनाचं म्हणणं, ज्या सिस्टर सापडतील त्यांना दंड लावा आणि नावं नोटीस बोर्डावर लावा.

मला हे पटत नाही. या मुलींबरोबर मी नाइट काढल्या आहेत. एका वेळी दोन व्हेंटिलेटर सांभाळणारी सिस्टर आळशी असते, असं मला कुणी सांगू नये. पण सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी) रक्तात जंतू जाऊन पेशंट दगावतो तेव्हा 'वेळ नव्हता' हे कारण त्याच्या बायकोला सांगता येत नाही, हेही तितकंच खरं. पोस्टर भरपूर लावून झाले. तुमच्याकडे नक्की कशाने फरक पडला ते लिहा.

देवगडची
सिस्टर, आधी एक सांगा, हँडरबची बाटली कुठे ठेवली आहे?

मी सरकारी रुग्णालयात इन्चार्ज होते, आता निवृत्त. आमच्या मेल मेडिकल वॉर्डला बेसिन एकच, तेही दाराशी. शेवटच्या खाटेवरून बेसिनपर्यंत जायचं, हात धुवायचे, कोरडे करायचे, परत यायचं, आणि तेवढ्यात मधल्या तीन खाटांवरचे नातेवाईक 'सिस्टर, सलाईन संपली' म्हणून थांबवणार. कोण किती वेळा जाईल? आम्ही बाटल्या औषधांच्या ट्रॉलीला आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीला बांधल्या. नंतर खाटेच्या पायाकडच्या दांडीला. हात जिथे काम करतो तिथे बाटली असली की माणूस आपोआप दाबतो. याहून मोठा बदल मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

सह्याद्रीचा_वारा
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. एक शंका: हँडरब म्हणजे ते निळं स्टेरिलियम ना? साबण-पाण्यापेक्षा ते खरंच चांगलं असतं का? माझा समज असा की ते पाणी नसेल तेव्हाचं.

वहीतलं_पान
@सह्याद्रीचा_वारा, बऱ्याच लोकांचा हा समज असतो. मी मायक्रोबायोलॉजीत आहे, थोडं सविस्तर लिहितो.

डोळ्यांना घाण दिसत नसेल तर वॉर्डात अल्कोहोलचं हँडरबच पहिली पसंती. ते जंतू जास्त चांगले मारतं, २० ते ३० सेकंदांत काम होतं आणि बेसिन लागत नाही. साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, चालत जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. हात दिसायला मळले असतील, रक्त लागलं असेल, शौचालयातून आलात किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबाचा रुग्ण असेल, तर मात्र साबण-पाणीच. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात.

आता वेळेचा हिशोब करा. आयसीयूत एका सिस्टरला तासाला वीस वेळा हात स्वच्छ करायचा प्रसंग येतो असं धरा, ही काही अतिशयोक्ती नाही. प्रत्येक वेळी मिनिटभर साबण लावायचा तर तासातली वीस मिनिटं तिथेच गेली. खाटेजवळ हँडरब असेल तर सात ते दहा मिनिटं. पहिली गोष्ट कुणालाच जमणार नाही, दुसरी जमण्यासारखी आहे.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात हेच केलं. खाटेजवळ आणि खिशात हँडरब दिलं, वॉर्डावॉर्डांत मोठी पोस्टर लावली, आकडे वेळोवेळी कर्मचाऱ्यांना परत दाखवले, वरिष्ठांनी उघडपणे पाठिंबा दिला. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातल्या संसर्गाचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. यात एक बारकावा आहे. वाढ झाली ती जवळजवळ सगळी हँडरबच्या वापरात झाली, साबणाने धुण्याचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं.

कौलारू
+१ देवगडची. बाटली हाताशी हवी आणि भरलेलीही हवी. आमच्याकडे भिंतीवर डिस्पेन्सर आहेत, त्यातले किती रिकामे असतात हे रात्री दोन वाजता कळतं, कारण स्टोअरची चावी सकाळच्या माणसाकडे.

प्रशासन_नगर
थोडी वेगळी बाजू मांडतो. मी एका खासगी हॉस्पिटलच्या प्रशासनात आहे. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या तपासणीला आकडे मागतात, विमा कंपन्या विचारतात, आणि संसर्ग झाला की नातेवाईक आमच्या केबिनमध्ये येतात. प्रशिक्षण दिलं, हँडरब दिलं, तरी लोक करत नसतील तर काय करायचं? हेल्मेटची सक्तीही दंडाशिवाय झाली नाही. दंड छोटा असावा, पण असावा. व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइसने १८४७ साली हात धुण्याची सक्ती केली म्हणूनच बाळंतिणी वाचल्या ना?

सिस्टर_ट्यूटर
@प्रशासन_नगर, तुमची काळजी खरी आहे, पण सेमेलवाइसचं उदाहरण पूर्ण बघा. त्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. बाळंतज्वराने बायका जास्त मरत होत्या त्या पहिल्या विभागात. विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतीला येत. क्लोरीनच्या चुन्याने हात धुवायला लावल्यावर तिथलं मृत्यूचं प्रमाण, जे एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते त्याच उन्हाळ्यात दोनेक टक्क्यांवर आलं. म्हणजे सुईणींचा विभाग आधीपासूनच सुरक्षित होता आणि हात डॉक्टरांचे सुधारावे लागले.

पुढे काय झालं तेही महत्त्वाचं. त्याने विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हटलं. बोलणं खरं होतं, पण लोक दुरावले आणि त्याच्या हयातीत ही पद्धत सगळीकडे रुजली नाही. एवढा भक्कम पुरावा हातात असूनही दरडावून काम झालं नाही.

मी शिकवताना मुलींना हेही सांगते की फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालीच लिहून ठेवलं आहे, नर्सने दिवसातून वारंवार हात धुवावेत म्हणून. हे आपल्या व्यवसायाचं स्वतःचं ज्ञान आहे. बाहेरून लादलेला नियम म्हणून शिकवलं की मुली तो परीक्षेपुरता ठेवतात.

गोदाकाठ
मी फिजिशियन आहे. सिस्टरांनी लिहिलंय त्याला दुजोरा देतो, कारण हे डॉक्टरांनी म्हणायला हवं. जिनिव्हाच्याच निरीक्षणांत नर्सेसचं प्रमाण डॉक्टरांपेक्षा स्पष्टपणे चांगलं होतं. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर एकामागून एक पोटं तपासत जातात, मागे रेसिडेंट, इंटर्न, सिस्टर अशी रांग. पुढच्याने हात चोळले नाहीत तर मागचा कुणी चोळत नाही. मग दंड फक्त सिस्टरला का?

आमच्या युनिटमध्ये राउंड सुरू करताना मी पहिल्यांदा स्वतः बाटली दाबतो आणि थांबतो. काही बोलत नाही. सगळ्यांचे हात चोळून होईपर्यंत पहिल्या पेशंटजवळ जात नाही. प्रत्येक खाटेला असंच. राउंड थोडा लांबतो, पण आता इंटर्न माझ्या आधी बाटली दाबतात.

ब्रदर_बालाघाट
डॉक्टरसाहेबांना सलाम. मराठवाड्यातून लिहितोय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी. नळाला धार नसते, बादली आणि मग ठेवलेला असतो. एकाने मगाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने हात धुवायचे. त्यामुळे हँडरब आमच्यासाठी चैनीची वस्तू नाही, त्याच्याशिवाय भागतच नाही. पण साबणाची वडी पाण्यात भिजत पडलेली आणि सगळ्यांना मिळून एकच टॉवेल, हे दृश्य अजूनही ग्रामीण रुग्णालयांत दिसतं. तो टॉवेल दिवसभर ओला असतो. धुतलेले हात त्याला पुसायचे म्हणजे सगळ्यांचे जंतू परत घ्यायचे.

वहीतलं_पान
ब्रदरनी टॉवेलचा मुद्दा काढला ते बरं झालं. लिक्विड सोपच्या बाटलीतही तेच होतं. तळाशी थोडा उरलेला असताना वरून नवीन ओतत राहिलं तर त्या बाटलीतच जंतू वाढतात. रिकामी करा, धुवा, वाळवा, मगच भरा.

मोगरा
मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत काम करते. कुणीच अजून लिहिलं नाही म्हणून लिहिते, आमच्या हातांकडेही बघा. हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडतात. त्यावर हँडरब पडलं की जी आग होते ती सोसून दिवसभर काम करायचं. अशा वेळी हात स्वच्छ करणं चुकवलं जातं, त्यात निष्काळजीपणा नसतो. माझ्या एका ज्युनिअरची भेग इतकी चिघळली की तिला बाळांपासून लांब ठेवावं लागलं.

उत्तरेकडची_घार
@मोगरा, मी यूकेत स्टाफ नर्स आहे, इथे यासाठी ऑक्युपेशनल हेल्थकडे (कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विभाग) पाठवतात. त्यांनी शिकवलेलं सांगते. साबणाने धुऊन लगेच वर हँडरब लावायचं नाही, दोन्हींपैकी एकच करायचं. ओल्या हातावर तर मुळीच नाही. गरम पाणी टाळायचं. घासून न पुसता टिपून कोरडे करायचे. पावडरवाले ग्लोव्हज बंद. ब्रेकमध्ये आणि शिफ्ट संपताना मलम. अल्कोहोलने आग होते म्हणून बऱ्याच जणी साबणाकडे वळतात, पण कातडी जास्त बिघडवतो तो साबण. ग्लिसरीन घातलेलं हँडरब त्याहून बरंच सौम्य असतं. मलम विकत घेऊन ठेवणं ही हॉस्पिटलची जबाबदारी मानतात, नर्सच्या पर्समधली वस्तू नाही.

इथे २००७-०८ पासून कोपराखाली काही नाही असा नियम आहे: लांब बाह्या नाहीत, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, एक साधी लग्नाची अंगठी चालते. नकली नखं तर अजिबात नाहीत.

तांबडं_कुंकू
बांगड्यांचं वाचून आठवलं. आमच्या वॉर्डातली एक मुलगी लग्नानंतर हिरवा चुडा भरून ड्युटीवर आली. इन्चार्ज म्हणाल्या काढ, ती रडवेली झाली, कारण सासूबाईंनी बजावलं होतं की चुडा उतरवायचा नाही. मॅट्रननी तिला काहीच सुनावलं नाही. सासूबाईंनाच चहाला बोलावलं आणि काचेच्या बाहेरून एनआयसीयूतली मुठीएवढी बाळं दाखवली. त्या माउलीने घरी जाऊन सुनेसाठी छोटा डबा काढून दिला, ड्युटीला जाताना बांगड्या ठेवायला. पुढे गल्लीत सगळ्यांना सांगत असत, आमची सून जिवाचं काम करते म्हणून.

सह्याद्रीचा_वारा
वा! अशा मॅट्रन सगळ्या ऑफिसांना हव्यात. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही कुणीतरी चहाला बोलवा.

तिळगूळ
एनआयसीयूचा विषय निघाला म्हणून आई म्हणून लिहिते. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. आम्हा आयांना कांगारू केअरसाठी, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्यासाठी, आत घेत. तिथल्या सिस्टरने पहिल्या दिवशी मला हात चोळायला शिकवलं: तळवे, हातांच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. अंगठा सगळे विसरतात असं म्हणून दोनदा करायला लावलं. पुढे एकदा दुसऱ्या वॉर्डातून आलेले कुणी थेट बाळाला हात लावायला गेले, तेव्हा मी म्हणाले, 'सर, हात.' ते थांबले, हात चोळले आणि 'थँक्यू' म्हणाले. त्या सिस्टरने मला आधी सांगितलं नसतं तर माझी बोलायची हिंमत झाली नसती. नातेवाइकांना शिकवा. आम्ही तिथे चोवीस तास असतो.

देवगडची
तिळगूळ, डोळे भरून आले. लेक आता कशी आहे?

तिळगूळ
पहिलीत आहे. अख्खं घर डोक्यावर घेते.

गोदाकाठ
आनंद वाटला वाचून. यातून मला अजून एक म्हणायचं आहे. आपल्या वॉर्डांत भरवणं, कूस बदलणं, स्पंजिंग, शौचाचं भांडं देणं हे बरंचसं नातेवाईक आणि मामा-मावशी (वॉर्डबॉय आणि आयाबाई) करतात. एकाच मावशी पाच रुग्णांना भांडं देतात. फक्त सिस्टरांचं ऑडिट करून जंतूंची वाट अडणार नाही.

प्रशासन_नगर
सगळं वाचतोय. दंडाबद्दल थोडा विचार करायला लावलंत. पण मला मोजमाप तर लागेल. 'सगळ्यांनी मनापासून केलं' असं मी अहवालात लिहू शकत नाही. आणि ग्लोव्हजचं काय? कोविडपासून आमचा ग्लोव्हजचा खर्च कितीतरी वाढला आहे, मग हात झाकलेले असताना हे सगळं कशाला?

वहीतलं_पान
ग्लोव्हज हा तर मोठाच घोटाळा आहे. तीच जोडी घालून पाच खाटा फिरल्या तर सिस्टरचा हात स्वच्छ राहतो, रुग्णांना मात्र एकमेकांचे क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू मिळतात. ग्लोव्हजना बारीक छिद्रं असतात, काढताना मनगटाला घाण लागते. म्हणून घालण्याआधी हात स्वच्छ, काढल्यावरही स्वच्छ, आणि रुग्णागणिक जोडी नवीन. जिथे ग्लोव्हजची गरज नाही तिथे (नाडी बघणं, बीपी, गोळ्या देणं) ते घालूच नयेत. पैसेही वाचतील.

मोजमापाचं सांगतो. कुणी वही घेऊन उभं राहिलं की लोक हात चोळतात, तो गेला की प्रमाण उतरतं. दंड लावला की निरीक्षकाला चुकवण्याची युक्ती तेवढी सुधारते. शिवाय निरीक्षण करणारीही त्याच स्टाफमधली असते, ती मैत्रिणीचं नाव लिहीत नाही आणि आकडे फुगतात. म्हणून निरीक्षणात नाव नकोच. वॉर्ड, हुद्दा आणि पाचांपैकी कोणता क्षण एवढंच लिहा. एका वेळी वीसेक मिनिटं बघा, एका वॉर्डाचे निदान २०० प्रसंग जमवा, मगच टक्केवारीला अर्थ येतो. जोडीला हँडरबचा खप मोजा: हजार रुग्णदिवसांना (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) निदान २० लिटर हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीतला मापदंड आहे. स्टोअरच्या रजिस्टरवरून कुणालाही काढता येतो आणि कुणी बघतंय म्हणून बदलत नाही.

सिस्टर_ट्यूटर
धागाकर्तीने सुरुवातीला लिहिलं होतं की 'आधी'चे रकाने रिकामे. त्यावर कुणी बोललं नाही. कारण सरळ आहे. 'नंतर' आपण स्वतःसाठी धुतो, घाण वाटते म्हणून धुतो. घरी लहान मूल आहे, त्याला काही नेऊ नये म्हणून धुतो. 'आधी' धुणं हे पूर्णपणे त्या रुग्णासाठी असतं आणि त्याचा परिणाम डोळ्यांना कधी दिसत नाही. कॅन्युला आज लावली, ताप तिसऱ्या दिवशी येतो, तेव्हा ड्युटी दुसरीची असते.

अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २०११ साली प्रसिद्ध झाला. काही डिस्पेन्सरवर पाटी होती, हात स्वच्छ ठेवल्याने तुम्ही आजारांपासून वाचता. काहींवर लिहिलं होतं, रुग्ण वाचतात. एवढाच फरक. दुसऱ्या पाटीखाली साबण आणि जेल लक्षणीय जास्त वापरलं गेलं. नर्सला स्वतःच्या जिवाची भीती घालून उपयोग होत नाही, रुग्णाची आठवण दिली की ती थांबते. मला हे वाचून आपल्या व्यवसायाचा अभिमान वाटला होता.

ब्रदर_बालाघाट
१००% सहमत. पण मॅडम, आठवण किती जणांची ठेवायची? आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. जनरल वॉर्डात नाइटला मी एकटा आणि खाली गाद्यांवर धरून पेशंट किती हे विचारू नका. काम जितकं जास्त तितकं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण कमी, हेही संशोधनाने दाखवलेलं आहे. भरती करा, हे पहिलं कलम असायला हवं.

उत्तरेकडची_घार
@ब्रदर_बालाघाट, तुमचं पहिलं कलम मान्य. इथेही शिफ्टला माणसं कमी पडली की सगळ्यात आधी हाच आकडा घसरतो.

शिफ्टवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. ड्युटीमुळे मध्ये उत्तर देता आलं नाही, पण प्रत्येक प्रतिसाद वाचला. आज ऑडिटचे कागद परत काढले आणि कुठल्या खाटांजवळ 'आधी'चे प्रसंग चुकले ते नकाशावर मांडलं. देवगडची ताई, तुमचा पहिला प्रश्नच उत्तर निघाला. आमचे डिस्पेन्सर भिंतीवर, रुग्णाच्या डोक्याकडे, मॉनिटरच्या मागे. सिस्टर येते पायाकडून. तिला वाकून, वायरी चुकवून हात घालावा लागतो.

व्यवस्थापनापुढे मी हे मांडणार आहे: प्रत्येक खाटेच्या पायाकडे बाटली, नाइटला भरायची जबाबदारी ठरलेली, स्टोअरची एक चावी नाइट सुपरवायझरकडे. दंड आणि नावं नकोत. डॉक्टर, नर्स, मामा-मावशी असे गटवार आकडे दर महिन्याला, आणि ते आधी त्या त्या वॉर्डाला, मग वरती. राउंडच्या आधी कन्सल्टंटनी बाटली दाबायची, हे मेडिकल डायरेक्टरनी सांगायचं, मी नाही. मलम हॉस्पिटलच्या खर्चाने. भरतीचा मुद्दा ड्युटी रोस्टर जोडून लेखी देणार, कारण तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि तिळगूळताईंच्या सिस्टरसारखं, प्रत्येक नातेवाइकाला दाखल होतानाच हात चोळायला शिकवायचं.

अडचण एकच दिसते, खर्च. एवढ्या बाटल्यांना नाही म्हणतील.

वहीतलं_पान
तुमच्याकडे फार्मसिस्ट आहे ना? जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र खुलं आहे, हॉस्पिटलात बनवता येतं: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरॉल १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के, बाकी उकळून गार केलेलं पाणी. इथेनॉलसाठी उत्पादन शुल्काच्या परवान्याचं बघावं लागतं, ते नको असेल तर आयसोप्रोपिल ७५ टक्के. बनवल्यावर ७२ तास तसंच ठेवायचं, म्हणजे पाण्यातून किंवा बाटलीतून आलेले बीजाणू मरतात. ज्वलनशील असतं, त्यामुळे साठा स्विचबोर्डपासून लांब आणि थोडाथोडाच.

प्रशासन_नगर
@शिफ्टवाली, खर्चाच्या टिपणात एक ओळ टाका: सेंट्रल लाइनचा एक संसर्ग म्हणजे आयसीयूतले किती जादा दिवस आणि कोणती अँटिबायोटिक्स. तुमच्याच हॉस्पिटलच्या बिलांवरून काढा. त्या आकड्यापुढे बाटल्यांचा आकडा ठेवला तर कुठलाही विश्वस्त नाही म्हणणार नाही. मी माझ्याकडेही हेच मांडून बघतो, दंडाचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवला आहे.

मोगरा
आणि सिस्टर, बाटल्या घरी जातात हेही धरून चाला. आमच्याकडे खाटेच्या दांडीला तारेचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला, वरून फक्त पंप दाबता येतो. मेंटेनन्सच्या दादांनी एका दुपारी दहा करून दिले.

ब्रदर_बालाघाट
मोगरा ताई, त्या पिंजऱ्याचा फोटो टाकाल का? उद्याच वेल्डरला दाखवतो. अर्धा लिटरची बाटली बसते का त्यात?